आत येण्याचे कारण, बाहेर पडण्याचे कारण: नाशिकच्या एका बी.पी.एड. महाविद्यालयाचा प्रकरण अभ्यास

नाशिक शहराच्या कडेला असलेल्या एका बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी पदवी) महाविद्यालयाने सलग दोन वर्षे जाहिरातीवर बऱ्यापैकी पैसे घातले. प्रवेश वाढलेही. पण वर्ष संपेपर्यंत हजेरीपटावरची नावे जाहिरात नव्हती तेव्हाइतकीच उरली. हे प्रकरण त्या दोन वर्षांचे, म्हणजे 2022-23 आणि 2023-24 चे, आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्तीचे आहे. महाविद्यालयाचे नाव देत नाही, आणि विद्यार्थ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तिथला कर्मचारी नाही. शिक्षक-शिक्षणाशी संबंध असल्यामुळे प्राचार्यांनी ‘जरा बाहेरच्या नजरेने बघा’ म्हणून बोलावले होते. त्यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: प्रवेश कसे वाढवायचे?

बी.पी.एड. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम. पूर्वी तो एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनंतर तो दोन वर्षांचा, चार सत्रांचा झाला. पन्नास-पन्नासच्या दोन तुकड्या मिळून 100 ही मूळ प्रवेशक्षमता. कागदावर एकाचे दोन झाले एवढेच. घरात मात्र तो मोठा फरक असतो. पेठ-सुरगाण्याकडच्या घरात मुलगा बी.ए. होईपर्यंतच तीन वर्षे भाकरीचे गणित ओढून-ताणून बसवलेले असते. ‘आता आणखी दोन वर्षे? आणि मग नोकरी नक्की का?’ या प्रश्नाला महाविद्यालयाकडे प्रामाणिक उत्तर नव्हते, म्हणून त्यांनी अप्रामाणिक नसले तरी गोलमाल उत्तर छापले होते. त्याबद्दल पुढे.

त्यात प्रवेशाचे वेळापत्रक. राज्य सीईटी कक्षाची लेखी परीक्षा, मग मैदानी चाचणी, मग कागदपत्रांची पडताळणी, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लांबला की सगळेच लांबते. या मधल्या काळात मुलगा रिकामा बसत नाही. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत ठेकेदाराकडे लागतो, नाहीतर भरतीच्या अकॅडमीत नाव घालतो. फेरीत नाव लागते तोवर तो मनाने दुसरीकडे पोहोचलेला असतो.

महाविद्यालयाचे निदान असे होते की, आपण लोकांना माहीतच नाही. म्हणून दिंडोरी, कळवण, पेठ, चांदवड या तालुक्यांच्या बसस्थानकांजवळ फ्लेक्स लागले आणि पदवी महाविद्यालयांच्या जिमखान्यांत पत्रके वाटली गेली. फ्लेक्सवर दोन फोटो होते. एक कविता राऊतचा. सावरपाड्याच्या या धावपटूने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, हे नाशिक जिल्ह्यात शाळेच्या पोरालाही सांगावे लागत नाही. दुसरा दत्तू भोकनळचा, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, सैन्यात गेल्यावर हातात वल्हे धरून 2016 च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला. फोटोंखाली मोठ्या अक्षरांत ‘क्रीडा शिक्षक व्हा, शासकीय नोकरीची संधी’ आणि त्याखाली थोड्या लहान अक्षरांत ‘पोलीस भरतीचा मैदानी सराव मोफत’.

प्रवेश आणले ते या शेवटच्या ओळीने. आणि विद्यार्थी घालवलेही तिनेच.

मी गेलो तेव्हा प्राचार्यांच्या मते गळती हा वेगळा विषय होता. ‘ती सगळीकडेच असते हो. आधी आत तर येऊ द्या.’ मी विद्यार्थ्यांचे सोडून जाण्याचे अर्ज मागवले. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी फाईल काढून दिली. जवळजवळ प्रत्येक अर्जात एकच कारण: ‘घरगुती अडचणीमुळे’. अर्ज लिहिण्याचा नमुना भाऊसाहेबांनीच तयार करून ठेवला होता, आणि त्यात कारणही छापलेलेच होते. विद्यार्थ्याने फक्त नाव घालायचे आणि सही करायची. त्याच दिवशी दाखला आणि मूळ कागदपत्रे हातात. काम झटपट, त्याबद्दल भाऊसाहेबांचे कौतुकही होत असे. पण त्यामुळे कोण का गेले हे कुणालाच ठाऊक नव्हते.

मग तिथल्या एका तरुण प्राध्यापिकेने आणि मी मिळून सोडून गेलेल्यांना फोन लावले. काहींनी उचलले नाहीत, काही संकोचले, पण बहुतेक मोकळे बोलले. मॅडमना मुले ‘ताई’ म्हणत, त्याचा उपयोग झाला. मला ‘सर’ म्हणून जे सांगितले गेले त्यापेक्षा ताईंना सांगितलेले जास्त खरे होते.

गळतीच्या दोन लाटा होत्या. पहिली दिवाळीनंतरची, द्राक्षांची. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की पुढचे काही महिने दिंडोरी-निफाडच्या बागांत हातांना उसंत नसते. विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), मग जानेवारीपासून तोडणी. बागायतदाराच्या घरचा मुलगा असो की पेठ-सुरगाण्याहून रोजाने येणाऱ्या कुटुंबातला, दोघेही या काळात वर्गातून नाहीसे होतात. एक घरची बाग म्हणून, दुसरा घरची चूल म्हणून. शिष्यवृत्तीचा हप्ता महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर ‘प्रलंबित’ दिसत असतो, मेसचे पैसे थकलेले असतात, आणि बागेत रोज संध्याकाळी रोख मिळते. पंधरा दिवसांसाठी गेलेला मुलगा महिनाभराने परत येतो तेव्हा अंतर्गत गुणांची तारीख गेलेली असते. वर्गशिक्षक चिडतात. मुलगा पुन्हा येत नाही.

दुसरी लाट मोठी होती, आणि ती पोलीस भरतीची होती.

इथे थोडे थांबायला हवे, कारण भरतीला नावे ठेवणे सोपे आहे. बी.पी.एड.ला येणारा मुलगा पदवीधर, म्हणजे एकवीस-बावीसच्या पुढचा. अग्निवीरचे वय त्याच्या हातून बहुधा निसटलेले असते. पोलीस शिपायासाठी मात्र खुल्या प्रवर्गात 28 आणि मागास प्रवर्गात 33 पर्यंत दार उघडे असते. मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. हे सगळे त्याला येते. निवड झाली तर 21,700 रुपये मूळ वेतनापासून सुरुवात, वर महागाई भत्ता. दुसरीकडे अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागला तर तीन वर्षे दरमहा 18,000 मानधन, आणि हेही 2023 मध्ये वाढल्यानंतरचे. त्याआधी ते 8,000 होते.

आता संधी किती वेळा येते ते पाहा. पोलीस भरतीच्या 18,331 जागांच्या मैदानी चाचण्या 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्या. पुढच्या 17,471 जागांचे अर्ज 2024 च्या मार्चमध्ये आले आणि जूनमध्ये मैदान सुरू झाले. पवित्र पोर्टल या शासनाच्या संकेतस्थळामार्फत होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते ती पहिल्यांदा झाली 2017 च्या डिसेंबरात, दुसऱ्यांदा 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसऱ्यांदा 2025 च्या मे-जूनमध्ये. 2018 ला बी.पी.एड. झालेल्या मुलाने नुसत्या पुढच्या परीक्षेसाठी पाच वर्षे वाट पाहिली. कोणता शहाणा बाप मुलाला थांब म्हणेल?

शाळेतल्या पदाची स्थितीही तशीच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक सांगितला आहे. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला मात्र कला आणि कार्यशिक्षणाबरोबर ‘अंशकालीन निदेशक’, आणि तोही शंभरपेक्षा जास्त पट असेल तर. कायद्याने ज्या विषयाला अर्धवेळ खुर्ची दिली, त्या खुर्चीसाठी दोन वर्षे पूर्णवेळ शिका असे आपण सांगतो आहोत. प्राचार्यांना ही मांडणी आवडली नाही. पण त्यांनी खोडलीही नाही.

तर दोन्ही वर्षी नवे प्रवेश घेतलेल्यांपैकी मोठा गट भरतीचा सराव करायला आला होता. त्यांना हवे होते ते मैदान, गोळा, घड्याळ लावून धावून घेणारे सर आणि वसतिगृहाची खोली. हे सगळे त्यांना मिळाले. भरती आली, ते गेले. सुरगाण्याच्या एका मुलाने ताईंना जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले: ‘ताई, मी सोडून गेलो असं तुम्ही म्हणता. मी ज्यासाठी आलो होतो ते करूनच गेलो ना.’

या वाक्याने प्राचार्यांचा प्रश्न बदलला. प्रवेश आणि गळती हे दोन विषय नव्हतेच. ज्या कारणाने विद्यार्थी आत येतो, बहुतेक वेळा त्याच कारणाने तो बाहेर पडतो. जाहिरात वाढवली तशी गळतीही वाढली, कारण जाहिरात नेमकी निघून जाणाऱ्यांनाच बोलावत होती.

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांना हे नवे नाही. अमेरिकेत हॅल लॉसन यांनी 1983 मध्ये मांडले होते की, ‘या कामाला काय लागते आणि ते माझ्यात आहे का’ याबद्दल माणसाची एक खासगी समजूत असते, ती शाळेत असतानाच, आपल्या शिक्षकांना पाहून बनते, आणि प्रशिक्षण महाविद्यालयात येईपर्यंत ती चांगलीच घट्ट झालेली असते. तिकडे अडचण अशी की अनेकांना शिक्षक व्हायचे नसते, शाळेच्या संघाचे प्रशिक्षक व्हायचे असते. वर्ग हा त्यासाठी भरावा लागणारा कर. आपल्याकडे संघाच्या प्रशिक्षकाची जागा भरतीने घेतली आहे. पण मुळाशी तेच आहे. ज्याने शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास कधी पाहिलाच नाही, त्याला तो घ्यावासा का वाटेल? आणि किती शाळांत तो तास दिसतो? दहावीच्या वर्गात तो गणिताच्या सरांनी घेतलेला असतो, बाकी वर्गांत ‘जा, खेळा’. पी.टी.चे सर स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा हिशोब बघत असतात.

फ्लेक्सवरच्या फोटोंचेही तेच. कविता आणि दत्तू यांच्याबद्दल अभिमान हवाच. पण त्या फोटोंत एकही वर्ग नव्हता, एकही शिक्षक नव्हता. ते फोटो पाहून जो येईल तो खेळाडू व्हायला येईल.

दुरुस्ती 2024-25 मध्ये सुरू झाली. पहिली गोष्ट, प्रवेश कॅपने होतात, त्यामुळे महाविद्यालय कुणाला नाकारू शकत नाही, आणि नाकारूही नये. पण आलेल्या प्रत्येकाशी पहिल्या आठवड्यात बोलता येते. त्यासाठी एकच प्रश्न ठरवला: तुमचे पी.टी.चे सर किंवा बाई कोण होत्या, आणि त्यांचा एखादा तास आठवतो का? काही जण लगेच सुरू होत. आमच्या बाई पावसात वर्गात बाके सरकवून आसने घ्यायच्या. आमचे सर लंगडी शिकवताना स्वतः लंगडी घालायचे. बाकीच्यांना नाव आठवे, तास आठवत नसे. दुसऱ्या गटाकडे जास्त लक्ष द्यायचे, एवढाच त्या मुलाखतीचा उपयोग.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या महाविद्यालयात शाळेतले सराव पाठ दुसऱ्या वर्षी येत. पहिले वर्ष मैदानी कौशल्ये, शरीररचनाशास्त्र, इतिहास, टाचण (पाठाचा लेखी आराखडा) कसे लिहायचे याचे टाचण. म्हणजे शिक्षक होणे म्हणजे काय ते कळण्याआधीच भरती येऊन जाई. म्हणून पहिल्या सत्रातच प्रत्येकाने जवळच्या शाळेत एक पाठ घ्यायचा असे ठरले. गुण नाहीत, निरीक्षकाचा शेरा नाही.

त्यातला एक पाठ मी पाहिला. पंचवटीच्या बाजूची शाळा, सातवीचा वर्ग. मैदानाच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीसाठी आणलेली खडी पडलेली, त्यामुळे खो-खोचे अंगण कसेबसे बसले. पाठ घेणारा मुलगा कळवणकडचा, उत्तम धावणारा. सकाळी लवकर येऊन त्याने फक्कीने आखणी केली होती, रेषा सुरेख सरळ. मुले आली. त्याने शिटी फुंकली, सावधान-विश्राम केले, आणि सरावासारखेच मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत निम्मी मुले चालू लागली. दोघांच्या पायात चपला होत्या, त्यांनी त्या हातात घेतल्या. चौथीनंतर कुणालाच खो-खो खेळायचे नव्हते. भिंतीजवळ पाच-सहा मुली उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्याचे लक्षच गेले नाही. त्याने टाचणाप्रमाणे ‘खो देण्याचे कौशल्य’ सांगायला सुरुवात केली. बोलणे लांबले. बसलेली मुले फक्की बोटाने पुसू लागली.

मग भिंतीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘सर, हे असं नाही. आमच्या गावाला आम्ही पाठीला हात लावून खो म्हणतो, तुम्ही नुसतंच खो म्हणता.’ तो गडबडला. मग म्हणाला, ‘दाखव बरं.’ तिने दाखवले. बरोबर होते: हात आणि शब्द एकाच वेळी. मुले हसली, ओळीत बसली, आणि उरलेली दहा-बारा मिनिटे खरा खेळ झाला. घंटा झाली तेव्हा कुणालाच जायचे नव्हते.

पाठाचा आराखडा पाहिला तर तो फसला होता. वॉर्म-अप चुकीचा, वेळेचे गणित चुकले, मुली अर्धा तास बाजूला. पण संध्याकाळी वसतिगृहात तो दुसऱ्याला सांगत होता की सातवीच्या पोरांना फेऱ्या द्यायच्या नसतात, साखळी-पकडापकडी द्यायची असते. शिक्षक होण्याचा पहिला विचार त्याच्या डोक्यात तिथे आला असावा. नंतर तो भरतीलाही गेला. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो.

मुलींचा प्रश्न निराळा होता, आणि महाविद्यालयाने तो स्वतःच तयार केला होता. सकाळी सहाचे मैदान. निफाड किंवा सिन्नरहून एसटीने येणाऱ्या मुलीला सहाला पोहोचणे शक्य नव्हते. शहरातलीही पहिली बस धरून येईपर्यंत पहिला तास जाई. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली नव्हती. मुलांसाठीही नव्हती, पण मुले झाडामागे बदलत. पाळीच्या दिवसांत मैदान कसे करायचे याबद्दल कुणी बोलत नसे, मुली गैरहजर राहत, हजेरी कमी भरे. उपाय साधेच निघाले. मैदान साडेसातला सुरू, साहित्याची जुनी खोली रिकामी करून कडी आणि आरसा बसवला, आणि मैदानाचे हजेरीचे काम ताईंकडे दिले. यावर फारसे लिहिण्यासारखे नाही. हे पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते.

मुलींना टिकवण्याचे कारण मात्र बाजारात खरोखर आहे. केंद्राच्या आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांत शारीरिक शिक्षणासाठी पुरुष आणि स्त्री शिक्षकांच्या स्वतंत्र जागा असतात. 2023 च्या अर्थसंकल्पात 740 एकलव्य शाळांसाठी तीन वर्षांत 38,800 शिक्षक आणि कर्मचारी भरण्याची घोषणा झाली. निम्म्याहून जास्त आदिवासी लोकसंख्येच्या तालुक्यांत या शाळा येतात, म्हणजे अगदी आपल्या सुरगाणा-पेठच्या दाराशी. अडचण परीक्षेच्या भाषेची. इंग्रजी-हिंदीतल्या प्रश्नपत्रिकेपुढे मराठी माध्यमाची मुले अडखळतात. सीबीएसईनेही 2018 पासून नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षण सक्तीचे केले, त्यामुळे गंगापूर रोडपासून आडगावपर्यंतच्या इंग्रजी शाळांना असे शिक्षक लागतात. तिथेही मुलाखत इंग्रजीत. म्हणून फ्लेक्सचे पैसे वळवून आठवड्यातून तीन दिवस इंग्रजीचा तास सुरू केला. त्याला पहिल्या महिन्यात गर्दी, नंतर मोजकी मुले. ती मोजकी मुले मात्र कामाची निघाली.

प्रवेशाचा मार्गही बदलायचा प्रयत्न झाला, तो अर्धाच यशस्वी झाला. कल्पना चांगली होती: विद्यार्थ्यांमधून भावी शिक्षक ओळखायचे काम ग्रामीण शाळांतल्या क्रीडा शिक्षकांनीच करावे. तालुक्यातल्या शिक्षकांची बैठक बोलावली, चहा-पोहे झाले. एक ज्येष्ठ सर उठून म्हणाले, ‘आमच्याच शाळेत माझ्यानंतर ही जागा भरणार नाही हे मला माहीत आहे. मी पोराला कोणत्या तोंडाने सांगू?’ खोली शांत झाली नाही, उलट सगळेच एकदम बोलू लागले. कुणाचे पद संचमान्यतेत (पटावरून पदे ठरवण्यात) गेले, कुणाला इतर विषयांचे तास दिले, कुणाकडे निवडणुकीचे काम. ज्याच्याकडे पाहून मुले या व्यवसायात यायची, तोच जर मुलांना दूर राहा म्हणत असेल तर महाविद्यालयाचे पत्रक काय करणार? तरी त्या बैठकीतून काही मुली आल्या. संघ स्पर्धेला न्यायचा तर मुलींबरोबर बाई लागतात, आणि बाई नसल्यामुळे संघच जात नाहीत, हे दुखणे त्या शिक्षकांना रोजचे होते. ‘आमच्या मुलींमधून एक पाठवतो, पण ती शिकून आमच्याच भागात परत आली पाहिजे,’ असे एकाने सांगितले.

द्राक्षाच्या लाटेवर दोन उपाय झाले. सत्राच्या अंतर्गत चाचण्या छाटणी आणि तोडणीच्या धामधुमीतून बाहेर काढल्या. आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दुपारनंतर शाळांच्या संघांना सराव देण्याचे, स्पर्धांत पंच म्हणून उभे राहण्याचे काम मिळवून दिले. प्राचार्यांनी स्वतःच्या सहीची पत्रे शाळांना पाठवली. मानधन बागेच्या रोजापेक्षा कमीच. पण ते महिनाभर मिळते, आणि त्यासाठी वर्ग बुडत नाही. पेठच्या दोन मुलांनी तरी हिशोब करून बागच निवडली. त्यांचा हिशोब चुकीचा होता असे मला म्हणवत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो भरतीच्या सुट्टीवरून. मैदानाचे ज्येष्ठ सर, तीस वर्षे शिट्टी गळ्यात घातलेले, ठाम होते. ‘इथं अकॅडमी चालवायची की कॉलेज? ज्याला पोलीस व्हायचंय त्यानं आजच जावं.’ प्राचार्य म्हणत, जाणाऱ्याला अडवायचे नाही, पण परत यायचा रस्ता ठेवायचा. अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमावलीत दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रवेशापासून तीन वर्षांत पुरा करण्याची मुभा आहे. तिचा वापर कुणी केला नव्हता, कारण मुले जातानाच दाखला आणि मूळ कागदपत्रे घेऊन जात आणि दोर कापले जात. मग भाऊसाहेबांचा छापील अर्ज रद्द झाला. आता सोडायचे असेल तर आधी वर्गशिक्षकांकडे जायचे, कारण स्वतःच्या अक्षरात लिहायचे, आणि भरतीसाठी जात असेल तर दाखला लगेच न देता सत्र पुढे ढकलण्याचा पर्याय समजावून सांगायचा. भाऊसाहेब आठवडाभर नाराज होते.

भरतीच्या जागा हजारांत असल्या तरी अर्ज लाखांत असतात. जाणाऱ्यांपैकी बहुतेक निवडले जात नाहीत. आधी ही मुले लाजेने परत येत नसत. आता काही आली. तो कळवणचा मुलगा त्यातला एक. मैदानी गुण उत्तम, लेखी परीक्षेत मागे पडला. परत आला तेव्हा मैदानाच्या सरांनी त्याला काही विचारले नाही, फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांचा वॉर्म-अप घ्यायला लावला. त्याने फेऱ्या दिल्या नाहीत. सगळे काही असे सुरळीत झाले नाही. सत्र पुढे ढकललेल्या दोघांचे परीक्षा अर्ज विद्यापीठाच्या प्रणालीत अडकले आणि एकाचे पुरते वर्ष गेले. त्या मुलाच्या वडिलांनी येऊन जे सुनावले ते योग्यच होते.

पोलीस भरतीची ओळ 2025 च्या पत्रकातून काढावी की नाही, यावर संस्थेच्या बैठकीत भरपूर चर्चा झाली. संस्थाचालकांना आकडा दिसतो, आणि आकडा सप्टेंबरात मोजतात, पुढच्या जूनमध्ये नाही. शेवटी ओळ निघाली. तिच्या जागी एकलव्य, नवोदय आणि सीबीएसई शाळांची नावे, पवित्र पोर्टलची खरी स्थिती आणि ‘पहिल्या सत्रात प्रत्यक्ष वर्ग’ असे आले. फोटो बदलले नाहीत. त्या वर्षी प्रवेश आधीच्या वर्षापेक्षा कमी झाले. मार्चच्या हजेरीपटावर मात्र पूर्वीपेक्षा जास्त नावे उरली. याचे श्रेय कशाला द्यायचे यावर तिथे अजून एकमत नाही. मैदानाच्या ज्येष्ठ सरांच्या मते त्या काळात भरतीचे वेळापत्रकच तसे होते. ताईंच्या मते पहिला पाठ. मला ताईंचे पटते, पण सरांच्या म्हणण्याला पुरावा देऊन उत्तर द्यायचे तर आणखी एक भरती जाऊ द्यावी लागेल.

सध्याची अडचण अगदी व्यवहारातली आहे. पहिला पाठ दिवाळीच्या आधी घ्यायचा, तर शाळांच्या सहामाही परीक्षा सुरू होण्यापूर्वी तो उरकायला हवा. कॅपच्या फेऱ्या तोवर संपतील याची खात्री नसते, आणि ते महाविद्यालयाच्या हातात नाही. म्हणून आता पहिल्या फेरीत आलेल्यांना शाळेत लगेच पाठवायचे, आणि नंतरच्या फेऱ्यांत येणाऱ्यांनी त्यांचे पाठ पाहायला जायचे, स्वतःचा पाठ नाताळच्या आधी घ्यायचा, असे ठरले आहे. शाळांची यादी ताईंनी तयार केली आहे. दोन मुख्याध्यापकांनी अजून होकार कळवलेला नाही.